उरलेले तीनशे मीटर

मामांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, चपला राहत. परतूरच्या बाजारात कोणी समोरून "राम राम मामा" म्हणालं की ते आधी खाली बघायचे. अंगठा शिवलेली चप्पल, टाच झिजलेला सँडल, जे असेल ते नीट न्याहाळायचे आणि मगच बरोबर नाव घेऊन राम राम करायचे. कोणी नवी चप्पल घेतली की आठ-दहा दिवस त्या माणसाशी ओळख बंद. मी टेलर आहे. मी स्वतः माणसं कमरेच्या मापावरून ओळखतो, त्यामुळे मला यात कधी काही वावगं वाटलं नाही.

मामा रेल्वेत चावीवाले होते. चावीवाला म्हणजे कुलपांचा नव्हे. रूळ खालच्या स्लीपरला धरून ठेवणाऱ्या ज्या लोखंडी चाव्या असतात, त्या सांभाळणारा. खांद्यावर हातोडी, पाना आणि झेंड्या घेऊन रोज आपल्या वाट्याच्या रुळावरून सहा किलोमीटर जायचं, सहा किलोमीटर यायचं, निसटलेली चावी ठोकून बसवायची, ढिला बोल्ट आवळायचा. सगळी नोकरी अशी खाली बघत गेली. निवृत्त झाले तरी मान काही वर आली नाही. आभाळ भरून आलंय हेसुद्धा त्यांना रस्त्यावर पहिला थेंब पडल्यावर कळायचं.

दुसरी खोड म्हणजे दिसेल ते ठोकून बघायचं. रुळाला तडा असला की हातोडीचा आवाज बदलतो म्हणे. तो कान त्यांनी निवृत्तीनंतर गावाच्या सेवेला लावला. उन्हाळ्यात बायका माठ घ्यायला निघाल्या की मामांना घरातून बोलावून न्यायच्या. मामा बोटाच्या पेरानं टकटक करत रांगेनं जायचे आणि "हा घे, हा न्हाई, हा बिलकुल न्हाई" असा निकाल द्यायचे. माठवाला त्यांना लांबून बघूनच तोंड फिरवायचा.

माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते सदऱ्याचं माप द्यायला. माप राहिलं बाजूला, त्यांनी वाकून माझ्या शिलाई मशीनच्या पायाला टकटक केलं.

"टेलर, हिच्या पायाला तडा हाय."

मशीन माझ्या वडिलांची. मी हसण्यावारी नेलं. आठ दिवसांनी एका नवरदेवाच्या सफारीला बाही जोडत असताना मशीनचा तोच पाय मोडला आणि मशीन, सफारी आणि मी असे तिघंही खाली आलो. तेव्हापासून मामांनी काही ठोकलं की मी कान देऊन ऐकतो.

आता मामा इथे नाहीत. जाफ्राबाद तालुक्यात टेंभुर्णीला मुलीकडे राहायला गेलेत. गाव मोठं आहे, बाजार आहे, सगळं आहे, पण रेल्वे नाही. पहिल्या आठवड्यातच सकाळी सहाला त्यांचा फोन आला. "टेलर, हितं गाडी ऐकू येत न्हाई. सकाळ झाली का न्हाई तेच कळंना." मी तेव्हा रुळाच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावर होतो. म्हटलं, थांबा मामा, येतेय. गाडी आली तसा मी फोन तिच्या दिशेनं धरला. सगळे डबे जाईपर्यंत मामा पलीकडे ऐकत होते. मग म्हणाले, "टाइमावर हाय," आणि फोन ठेवला. अजूनही आठवड्यातून दोन-तीनदा हा कार्यक्रम होतो.

मी सकाळी सहाला त्या रस्त्यावर काय करत होतो, ते सांगायला हवं. पळत होतो. आणि पळायला मला मामांनी शिवलं, म्हणजे एकेक टाका घालून, घाई न करता.

मला एक्केचाळिसाव्या वर्षी साखर निघाली. माझे वडीलही साखरेचेच. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला साधी ठेच लागली होती. ती चिघळली, वाढली आणि शेवटी पाऊल काढावं लागलं. त्यानंतर ते रोज दुकानात यायचे आणि मशीनजवळ बसून राहायचे. कापडाला हात लावायचे, बोटांनी वीण तपासायचे, पण मशीन पायानं चालायची. ते बसणं मी सहा वर्षं बघितलंय. त्यामुळे डॉक्टर माझा कागद बघून म्हणाले की वजन उतरवा, चालायला लागा, जमलं तर हळूहळू पळा, तेव्हा मी त्यांच्याकडे नाही, माझ्या उजव्या पायाकडे बघत होतो.

वजनाचं म्हणाल तर मी माझ्या स्वतःच्या पँटची कंबर दोनदा उसवून सोडली होती. तिसऱ्यांदा सोडायला आत कापडच उरलं नव्हतं. गावाची मापं घेणाऱ्या माणसाला आपलं माप कळू नये, याची मला लाज वाटली.

लाजेच्या भरात मी जालन्याहून नारिंगी रंगाचे बूट आणले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कच्च्या रस्त्यावर जीव खाऊन पळत सुटलो. किती? दोनशे पावलं असतील. मग डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी एका दगडावर बसलो. जीव अगदी घशाशी आला होता. तेवढ्यात समोर दोन कॅनव्हासचे जुने बूट येऊन थांबले.

"हे नारिंगी बूट कोणाचे?"

"माझे, मामा. मी टेलर."

"टेलर? असा लालबुंद कामून झाला?"

मामांनी मला वरपासून खालपर्यंत, म्हणजे त्यांच्या पद्धतीनं खालपासून वरपर्यंत बघितलं. माझ्या गळ्यात मापाची टेप तशीच होती, सवयीनं घातलेली. खिशात दुकानाच्या किल्ल्या, मोबाइल, पाकीट, धागे कापायची छोटी कात्री. हातात पाण्याची बाटली.

"हे घेऊन कुठं निघाल्ता? गावाला?" मामांचा आवाज एकदम चढला. "आधी अंगावरचं खाली ठिव. मंग पळ. अंगावर वझं घेऊन पळत असतेत का कुठं?"

एवढ्याशा गोष्टीवर हा माणूस एवढा का चिडला, ते मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सहाला येतो म्हणाले आणि आले. पहिलं काम, तोच दगड दाखवून माझे खिसे रिकामे करून घेतले. पुढे दोन वर्षं रोज तेच. किल्ल्या, फोन, पाकीट, सगळं दगडावर. चोरी होईल म्हटलं तर म्हणाले, "चोरी झाली तर पळत जाऊन धरशील. त्याच्यासाठीच तर शिकून राह्यलास ना?"

रुळाच्या कडेनं आता विजेचे खांब लागलेत. आमचा रस्ता रुळापासून चांगला लांब, पण खांब तिथून स्वच्छ दिसतात. मामांनी माझं शिक्षण खांबांवर बेतलं. दोन खांबांत साधारण साठ मीटर. एक खांब पळायचं, तीन खांब चालायचं. पुन्हा एक पळायचं. असं चारदा झालं की घरी. मला वाटलं, हा काय पोरखेळ आहे. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, मामा, मला आज जास्त जमतंय.

"जमतंय तवाच थांबायचं," मामा म्हणाले. "जमंना झाल्यावर काय, कोनी बी थांबतंय."

वेगाचं मोजमाप म्हणजे स्टेशनं. पळता पळता मी मोठ्यानं, मध्ये थोडं अंतर ठेवून, जालन्यापासून नावं घ्यायची. जालना, कोडी, रांजणी, परतूर, सातोना, सेलू, मानवत रोड, परभणी. मधली छोटी स्टेशनं मामांनी माफ केली होती. नावं सुरळीत आली तर वेग बराबर. नाव तुटलं तर जास्त झाला, हळू व्हायचं. पहिला महिनाभर मी रांजणीच्या पुढे गेलोच नाही. मग परतूर आलं. सातोन्याला मी तीन आठवडे अडकून होतो. मामा बाजारात भेटले की चारचौघांत विचारायचे, "टेलर, सातोना सुटलं का?" लोकांना वाटायचं माझी तिकडे कोणाशी तरी कोर्टकचेरी चालू आहे.

आणि कॉशन. रुळाचं काम झालं की त्या जागेवरून गाड्या काही दिवस हळू सोडतात. तसा कागद ड्रायव्हरला मिळतो, त्याला हे लोक कॉशन म्हणतात. मामा मला रोज कॉशन लिहून द्यायचे. कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला, पेन्सिलीनं, सुबक अक्षरात: "टेलर. आज वेग: चालण्यापेक्षा थोडा जास्त. अंतर: दोन खांब पळणे, दोन चालणे, पाच वेळा. उद्या गाडी बंद." आठवड्यातून तीन दिवस गाडी बंद असायची, म्हणजे मला सुट्टी. त्या सगळ्या चिठ्ठ्या मी गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत ठेवल्यात. एकदा एका माणसाच्या पँटच्या मापाऐवजी मी मामांचं कॉशन उघडून बसलो होतो आणि "दोन चालणे" म्हणजे काय माप, याचा विचार करत होतो.

लग्नसराईत काम जास्त, चिडचिड जास्त. एका सकाळी मामांना यायला उशीर झाला. मी आपला मोठा झालो होतो ना, म्हटलं दाखवूच यांना, आणि चिठ्ठीवर चार खांब असताना सलग नऊ पळालो. पोटरीत गोळा आला तो असा की रस्त्यावर आडवा झालो. मागून आलेल्या मामांनी मला उठवलं, घरी सोडलं आणि चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी दुकानात आले, खाली बसले आणि माझ्या पोटरीवर बोटाच्या पेरानं टकटक केली. कान जवळ नेऊन ऐकलं.

"तडा न्हाई," म्हणाले. "पंधरा दिवस कॉशन."

त्या बोटाच्या टकटकीनं मला एकदम भरून आलं. वडिलांच्या पायाला डॉक्टर असंच बोट लावायचे, आणि वडील विचारायचे, काही कळतंय का हो? मी मामांना हे सांगितलं. जाताना दाराशी थांबून एवढंच म्हणाले, "तुझा पाय आपून वाचवू टेलर. घाई तेवढी करू नको."

मामांना एक झेंडी हवी होती. मी पळत असताना ते पुढे जाऊन उभे राहायचे आणि जिथे थांबायचं तिथे हात वर करायचे. हात मला घामात दिसायचा नाही. म्हटलं, लाल झेंडी शिवून देतो, लांबून दिसेल. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कोणाचा तरी खून करायला सांगितलाय.

"येडा हायेस का? रुळाजवळ लाल धरली तर गाडी थांबंल. हिरवी बी न्हाई, पिवळी बी न्हाई."

शेवटी एका ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्याची शिवली. जांभळ्यावर मोठी मोठी पांढरी फुलं. मामांनी मात्र लांबी-रुंदी सरकारी झेंडीची दिली आणि काठाला दुहेरी टीप मारून घेतली. जगातला कोणताही ड्रायव्हर या झेंडीचा काही अर्थ लावू शकत नाही, याची खात्री झाल्यावरच त्यांनी ती हातात धरली.

त्या रस्त्यावर, आमच्या दगडापासून पंधराव्या खांबासमोर एक बाभळ आहे. खाली सपाट दगड आहे, सावली आहे, बसायला इतकी चांगली जागा सगळ्या रस्त्यात नाही. मामा तिथे मला कधी बसू द्यायचे नाहीत. एकदा चालण्याच्या फेरीत बुटाची नाडी बांधायला टेकलो तर अंगावर ओरडले, "ऊठ! हितं बसायचं न्हाई!" मला वाटलं साप निघाला. साप नव्हता. मामा तोपर्यंत पुढे चालू लागले होते.

असंच एक कोडं त्यांच्या घरी होतं. स्टेशनजवळ दोन खोल्यांचं भाड्याचं घर. भिंतीवर देवांचे फोटो, मुलीच्या लग्नाचा फोटो आणि त्यांच्या शेजारी एक फ्रेम भिंतीकडे तोंड करून टांगलेली. बाहेर फक्त मागचा तपकिरी पुठ्ठा आणि त्यावर पेन्सिलीचं काहीतरी पुसट. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फ्रेम उलटी झाली असेल म्हणून सरळ करायला हात घातला, तर मामी स्वयंपाकघरातून लगबगीनं आल्या.

"ऱ्हाऊ द्या टेलरभाऊ. मी लई येळा सुलटी केली. रोज सकाळी परत उलटी."

"आहे काय त्यात?"

"यांना मिळालेलं सर्टिफिकेट. गाडी वाचवल्ती त्याचं. सायबाच्या सहीचं." मामींचा चेहरा अभिमानानं फुलला आणि लगेच उतरला. "लोक असं काही मिळालं तर दारात लावतेत. हे असे."

मी मामांना विचारलं नाही. विचारून सांगणारा माणूस नव्हता तो.

तर दीड वर्षानं मी सलग चौदा खांब पळू लागलो. सेलू सुटलं होतं, मानवत रोड दिसत होतं. साखर उतरली होती आणि मी माझ्याच पँटची कंबर आत घेतली होती. डॉक्टर खूश, बायको खूश. मी मामांना म्हणालो, आता बस की, एवढं पुरे.

"बस न्हाई. वीस खांब. बाराशे मीटर. तेवढं झालं की मंग तू कुठं बी पळ, मी इचारनार न्हाई."

बाराशेच का, हजार का नाही, हे ते सांगेनात. आणि माझी गाडी पंधराव्या खांबापाशी थांबायची. कितीही दम राखून पळालो तरी त्या बाभळीपाशी पाय जड व्हायचे. आठ-दहा दिवस हेच चाललं. एका थंडीच्या सकाळी मी तिथेच थांबून गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो आणि म्हणालो, मामा, मला हे जमणार नाही. तुम्हाला जमलं असतं का सांगा.

मामा बाभळीकडे बघत उभे राहिले. झेंडीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"न्हाई जमलं," म्हणाले. "हितंच बसल्तो मी."

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना एकदाही खाली बसले नाहीत.

"अशीच थंडी व्हती. थंडीनं रूळ आखडतो, तुटतो कधीमधी. तुझा तो खिसे रिकामे करायचा दगड हाय ना, त्याच्या समोर रूळ तुटलेला घावला. बोटभर फट. परभणीकडून गाडी यायची वेळ झाल्ती. कायदा काय? तिथं एक लाल झेंडी रोवायची, दुसरी हातात घेऊन गाडीकडं पळायचं. सहाशे मीटरवर रुळाला एक पटाखा लावायचा, चाकाखाली फुटतो, ड्रायवरला कळतं. बाराशेवर तीन लावायचे. मला समदं पाठ. रोज बारा किलोमीटर चालणारा गडी मी, मला काय हाय पळायला? सुटलो. पण टेलर, चालणं येगळं, पळणं येगळं. जन्मात कधी पळालो न्हवतो मी. आनि हातोडी अन् पाना खांद्यावरच."

"टाकून का नाही दिलं ते?"

"सरकारी हत्यार! माझ्या नावावर! रुळावर टाकून कसं जाऊ?" मामा माझ्याकडे असे बघत होते की अजूनही त्यांना ते बरोबर वाटत असावं. "दहा-बारा किलो वझं. सहाशेवर पटाखा लावला. पुढं छातीत कळा. ह्या बाभळीपाशी पाय गेले. नऊशे झाल्ते, मी नंतर पावलांनी मोजलं. बसलो. बाकीचे तीन पटाखे खिशातच. गाडी दिसली, तवा बसूनच झेंडी हलवली. ड्रायवर भला, त्यानं लांबून बघितलं. ह्या बाभळीच्या आधीच थांबली गाडी."

"म्हणजे वाचली ना सगळी."

"वाचली. ड्रायवरनं खाली उतरून पानी पाजलं. डब्यातल्या एका बाईनं मोसंबी सोलून दिली. लोक पाया पडायला लागले. मंग साहेब आले. कागदावर लिहिता लिहिता इचारलं, बाराशेवर गेल्ता ना? आमचा मुकादम मधीच म्हणला, हो साहेब, बराबर गेल्ता." मामांनी झेंडी पुन्हा उलगडली. "मी न्हाई म्हणलो न्हाई."

मोसंबीचं मला तेव्हा कळलं. आमच्याकडे मोसंबीच्या बागा, हंगामात घरोघरी टोपल्या. मामा कधी फोड तोंडात घालायचे नाहीत. आम्ही समजायचो त्यांना आंबट चालत नाही.

"मामा, गाडी थांबली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. तीनशे मीटरनं काय फरक पडला?"

"गाडी थांबली ते चांगलंच झालं. पण मी बी थांबलो ना रे. धुकं असतं तर? भिंतीवरच्या त्या कागदावर लिहिलंय बाराशे. रोज वाचायचं?" मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "माझे गुडघे आता गेले. मला ते तीनशे कोनी तरी पळून दाखवावं वाटतं. पळता येतेत का न्हाई, तेवढंच बघायचंय."

त्या दिवसापासून तो रस्ता माझ्या साखरेचा राहिला नाही.

मामांनी पंधरा दिवस मला बाभळीपर्यंत येऊच दिलं नाही. दहा खांब, आठ खांब, एक दिवस नुसतं चालणं. मग एका संध्याकाळी दुकानात चिठ्ठी आणून दिली: "टेलर. उद्या वीस खांब. वेग: नावं तुटू नयेत इतका. कॉशन उठवले आहे."

सकाळी गेलो तर दगडापाशी कोणी नाही. मामा गुडघे घेऊन आधीच निघून विसाव्या खांबासमोर जाऊन उभे राहिले होते. मी खिसे रिकामे केले. गळ्यात टेप नाही हे हात लावून बघितलं. निघालो. जालना, कोडी, रांजणी. सहाशे मीटरवर इथे त्यांनी वाकून पटाखा लावला असेल, हे मनात आलं. परतूर, सातोना. माझ्या अंगावर काहीच नव्हतं, आणि त्यांच्या खांद्यावर ती हातोडी होती. सेलू. बाभळ आली. पाय जड झालेच, खोटं कशाला सांगू, थांबावंसं फार वाटलं. मी दगडाकडे बघितलं नाही. मानवत रोड म्हणताना आवाज फाटला, म्हणून वेग कमी केला, त्यांनी शिकवला होता तसा, आणि पुन्हा म्हणालो, मानवत रोड. बाभळ मागे गेली. लांबवर जांभळं काहीतरी दिसू लागलं. रोज ती झेंडी वर असायची, थांब म्हणून. आज मामांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. परभणी झाली. नावं संपली, रस्ता उरला होता. मग मी परभणीहून उलटा निघालो, मानवत रोड, सेलू, सातोना, आणि परतूर म्हणता म्हणता मामांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो.

"बसू नको," मामा म्हणाले. "चालत ऱ्हा."

"नाही बसलो, मामा."

"बघितलं मी."

ते रुळाकडे तोंड करून उभे राहिले आणि त्या फुलाफुलांच्या झेंडीनं त्यांनी डोळे पुसले. शाबास वगैरे काही नाही. मी त्यांच्या पायांना हात लावला तर म्हणाले, नारिंगी बूट फाटले, दुसरे घे. पण नारिंगीच घे, ओळखायला बरे.

पुढच्या उन्हाळ्यात मामींना दिसायला कमी झालं आणि मुलीनं दोघांना टेंभुर्णीला न्यायचं ठरवलं. सामान फार नव्हतं, एक छोटा टेम्पो. भिंतीवरचे फोटो उतरवायचं काम माझ्याकडे आलं. मामा टेम्पोत पुढे बसले होते. ती उलटी फ्रेम मी उतरवली आणि उजेडात धरली. तपकिरी पुठ्ठ्यावर पुसट झालेली जुनी पेन्सिल: "खरे: ९०० मी." त्याखाली बॉलपेननं, अलीकडचं: "३०० मी. टेलर." खाली बेरजेची रेघ, आणि रेघेखाली बाराशे.

मी ती फ्रेम माझ्या नव्या चादरीत गुंडाळली आणि मांडीवर ठेवून टेंभुर्णीपर्यंत गेलो. वाटेत मामांशी काही बोललो नाही. बोललो असतो तर रडलो असतो, आणि टेम्पोचा ड्रायव्हर गिऱ्हाईक होता.

संध्याकाळी लेकीच्या घरात फोटो लावायला घेतले. मामांनी सगळी भिंत बोटानं ठोकत फिरून एक जागा पसंत केली. देव झाले, लग्नाचा फोटो झाला. मी फ्रेम हातात घेऊन स्टुलावर उभा राहिलो. मामी दाराला धरून उभ्या होत्या.

"मामा, ही कशी लावू?"

मामांनी खाली माझ्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाले, "तोंड हिकडं कर."

मी फ्रेम फिरवून खिळ्याला अडकवली. काचेवर इतक्या वर्षांची धूळ होती, ती बाहीनं पुसली. मामांनी मान वर केली. मी त्यांना मान वर करून इतका वेळ काही बघताना कधी पाहिलं नव्हतं. ओठ हलवत, एकेक शब्द जोडत, त्यांनी ते सगळं वाचलं. शेवटी "बाराशे मीटर धावत जाऊन" इथे थांबले, आणि तेवढं पुन्हा एकदा, मामींना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं.

माझे तीनशे मीटर आता तिकडे टेंभुर्णीत, भिंतीकडे तोंड करून आहेत. ते तिथेच बरे आहेत.